साडूंचा न दिसणारा रंग

अग्नीला नमस्कार करणारे लोक मी पुष्कळ पाहिले, अग्नीला घाबरणारे त्याहून जास्त पाहिले. पण अग्नीची घरच्या माणसासारखी विचारपूस करणारा माणूस अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात एकच, आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. साडू हे नातं मुळातच अवघड. भाऊ म्हणावं तर रक्ताचा नाही, मित्र म्हणावं तर आपण निवडलेला नाही. दोघांनी एकाच सासऱ्याचा पाहुणचार झोडला, एवढीच काय ती भागीदारी. त्यात मी विम्याचा एजंट आणि ते जन्मभर बोटीवर नोकरी केलेले. माझ्या धंद्याबद्दल त्यांचं मत त्यांनी पहिल्या भेटीतच सांगून टाकलं होतं. "तुम्ही जळल्यावर येणार," ते म्हणाले, "मी जळण्याच्या आधीचा माणूस." मी नवा जावई, सासुरवाडीच्या पडवीत हातात चहाचा कप घेऊन बसलेला. मी चहा बशीत ओतून फुंकत राहिलो.

बोटीवरची नोकरी संपवून ते कायमचे गावी परतले, तेव्हा परदेशी घड्याळं, साबण, अत्तरं येतील म्हणून आमच्याकडची मंडळी डोळे लावून बसली होती. ट्रंकेतून निघाल्या त्या धूर ओळखणाऱ्या पांढऱ्या डब्या, एक जाडजूड अग्निरोधक कांबळं आणि दारांच्या मिटण्याबद्दलची पुस्तकं. हो, दारांच्या मिटण्याबद्दल. दार कसं मिटावं यावर पुस्तक लिहिणारी माणसं जगात आहेत आणि ती विकत घेऊन वाचणारी आमच्या घरात, हे कळल्यावर सासूबाईंनी कपाळाला हात लावला. त्या डब्यांपैकी एक अक्काच्या, म्हणजे साडूंच्या बायकोच्या, माझ्या मोठ्या मेव्हणीच्या, स्वयंपाकघरात लागली. पुढे कितीतरी दिवस अक्कानं सुक्या बांगड्याला मसाला लावून तव्यावर टाकला की ती डबी अशी काही बोंब मारायची की वाडीतली कुत्री गोळा व्हायची. शेवटी अक्कानं तिला रवीनं ठोकून गप्प केलं. साडू म्हणाले, "डबी बरोबर होती. तुझा तवा चुकला."

कुणाच्याही घरी गेले की आधी ते दारावर बोटाच्या पेरानं टकटक करत. आत माणसं असोत नसोत. कान लावून आवाज ऐकत आणि विचारत, "हे किती मिनिटांचं?" समोरच्याला वाटे, गृहस्थ बसायला किती वेळ आलेत ते सांगतायत. त्यांचा प्रश्न वेगळाच असे. आग एका बाजूला लागली तर हे दार तिला किती वेळ अडवून धरेल? बोटीवर म्हणे प्रत्येक दाराची, प्रत्येक भिंतीची अशी परीक्षा झालेली असते, आणि कोण किती मिनिटं टिकणार ते ठरलेलं असतं. "आणि आपल्याकडे?" ते विचारत, "आपल्याकडे दाराला विचारतात, तोरण कुठे बांधू?" एकदा रंगात आले की थांबत नसत. आग थांबते किती हा एक प्रश्न आणि आग पळते किती हा दुसरा, हे त्यांनी मला आमच्या ओट्यावर बसून इतक्यांदा समजावलंय की झोपेतून उठवलंत तरी सांगेन. काही लाकडं अशी की ठिणगी पडली की ज्वाळा वरच्यावर सुसाट धावत जाते. काही अशी की पेटतात, पण रमतगमत. यांचेही वर्ग असतात, पहिला, दुसरा, तिसरा. "आणि आपलं हे प्लायवूड?" मी विचारलं. त्यांनी माझ्या नव्या कपाटाकडे पाहून "अरेरे" एवढंच म्हटलं. ते कपाट मला तेव्हापासून आवडेनासं झालं.

माणसांनाही ते असेच गुण द्यायचे. समोरचा किती वेळ तापल्यावर भडकतो, यावर. अक्काला त्यांनी सगळ्यात वरचा वर्ग दिला होता, आणि तो तिनं त्यांच्याच संसारात परीक्षा देऊन मिळवला होता, यात शंका नाही. माझ्या बायकोला मधला. मला म्हणाले, "तुम्ही वर्तमानपत्र." मी भडकलो. "बघा," ते म्हणाले.

लग्नकार्यात तर त्यांना बरोबर नेणं म्हणजे सत्त्वपरीक्षा. कार्यालयात शिरले की यजमानाला नमस्कार करायच्या आधी ते बाहेर जायची दारं किती ते बघून येत. मागचं दार हटकून बाहेरून कुलूपबंद असे, कारण काय तर नको ती माणसं जेवायला घुसतात. मग किल्ली शोधायला मॅनेजरच्या मागे. आणि स्वयंपाकघराचं दार हटकून विटेची टेकण लावून उघडं ठेवलेलं असे, वाढप्यांना सोयीचं म्हणून. ती वीट साडू उचलत. त्यांचं शास्त्र असं की माणसं सोडवणारं दार उघडं हवं आणि आग अडवणारं दार मिटलेलं हवं, "आणि आपण नेमकं उलट करतो!" खेडला एका लग्नात त्यांनी वीट काढली, दार मिटलं, आणि जिलबीचं ताट घेऊन धावत येणारा वाढपी त्यावर धाडकन आपटला. पाकात न्हालेली ती जिलबी नवऱ्याच्या आत्याच्या पैठणीवर. आत्याबाई मला ओरडल्या, कारण साडू तेव्हा वीट टाकायला लांब गेले होते. परत आले ते काखेत वीट तशीच घेऊन. टाकली तर कुणीतरी परत लावेल, म्हणून. वरातीच्या फोटोत ते विटेसकट आहेत.

कापडांचीही तीच कथा. आम्ही गणपतीसाठी मखराला नवे झुळझुळीत पडदे आणले. आले, पाहिले, कडेचा एक धागा उपटला आणि लायटर लावला. धागा वितळून थेंब पडला. "हा टपकतो," ते गंभीरपणे म्हणाले. "जळणारं परवडलं, टपकणारं वाईट. अंगाला चिकटतं." मग आमच्याकडे गणपती होते तेवढे दिवस मखराशेजारी वाळूची बादली. आमच्या बायकोनं बादलीला निदान आंब्याची डहाळी बांधली, म्हणून ती फोटोत जरा मंगल दिसते. तेव्हा मला रागच आला होता. खोटं कशाला बोलू?

आणि मग त्यांच्या आयुष्यात तो रंग आला. मुंबईतल्या कुणा जुन्या सोबत्यानं त्यांना एक डबा पाठवला. लाकडाला लावायचा आगरोधक लेप, पण रंग नसलेला. लावा, वाळू द्या, लाकूड होतं तसंच दिसतं; रेषा, गाठी, कोरीवकाम, सगळं स्वच्छ. मात्र आच लागली की तो लेप पापडासारखा फुगतो. फुगून त्याचा हलका, काळा, सच्छिद्र थर होतो, आणि त्या थराच्या पांघरुणाखाली लाकडाला बराच वेळ पत्ताच लागत नाही की बाहेर आग लागली आहे. हे सांगताना साडूंचा चेहरा नातवाचा पहिला दात दाखवणाऱ्या आजोबासारखा झाला होता. मी म्हटलं, "म्हणजे लाकूड जळतच नाही?" त्यावर ते एकदम चिडले. "न जळणारं लाकूड नसतं हो, विमेवाले! उशिरा जळणारं असतं. कुणी सांगितलं जळतच नाही, तर त्याला दारात उभा करू नका. मला फक्त वेळ हवा. माणसं बाहेर पडेपर्यंतचा."

त्यांनी आणखी डबे मागवून घरात जे जे लाकडी ते ते रंगवलं. देव्हारा, झोपाळा, दारं, खिडक्या, पाट, मिसळणाचा डबा. कोकणातली दमट हवा आणि तो लेप यांचं काही केल्या पटेना. मग त्यावर ओल अडवणारा आणखी एक हात, तोही न दिसणारा. महिनाभर घरात हात लावू तिथे चिकट. आणि एवढं करून दिसायला घर होतं तसंच. "लावलंन काय नि नाय लावलंन काय," अक्का म्हणाली, "शेजारची येऊन विचारते, रंग कधी काढणार?" साडूंना मात्र त्याचाच अभिमान. न दिसण्यात त्या रंगाचं खानदानीपण आहे, असं त्यांचं म्हणणं.

पण त्यांचा सगळा जीव अडकला होता तो गावच्या देवळात. त्यांचं गाव लांज्याच्या वाटेवर, हमरस्त्यापासून आत. ग्रामदेवतेच्या पुढचा सभामंडप संपूर्ण लाकडी. फणसाचे जाड खांब, त्यांवर वेली, पोपट, कुठे एखादा बेडूकसुद्धा कोरलेला. शिमग्याला पालखी त्या मंडपात उतरते आणि मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांसकट अख्खा गाव आत दाटीनं बसतो. वर कागदाच्या पताका, खाली समया, उदबत्त्या, बाहेर होळी. मागचं दार पालखीच्या जुन्या दांड्या, मोडक्या खुर्च्या आणि मंडप सजवायच्या सामानानं कैक वर्षं बंद. सगळ्यांनी आत-बाहेर करायचं ते समोरच्या एका अरुंद दारातून. साडू शिमग्याला यायचे, देवीला हात जोडायचे आणि मंडपात कुठे न बसता उंबऱ्याबाहेर उन्हात उभे राहायचे. "आत या की वो, बोटवाले," लोक बोलवायचे. "मी बाहेर बरा," ते म्हणायचे. तो मंडप त्या लेपानं रंगवायचा आणि मागचं दार मोकळं करायचं, हा त्यांचा एकच ध्यास होता. आणि नेमकं त्याच साली गावानं ठरवलं की मंडपाला चॉकलेटी ऑइलपेंट द्यायचा, पोपटांना हिरवा आणि कडेनं सोनेरी.

साडूंनी बैठक मागितली. बैठक देवळापुढच्या अंगणात, भर सकाळी. गावकर, म्हणजे देवीचा पहिला मानकरी, मधोमध, बाजूला गुरव, भोवती सगळा गाव, बायकासुद्धा. मी आणि आमची ही मुद्दाम रत्नागिरीहून गेलो होतो. कारण साडू प्रयोग करून दाखवणार होते आणि त्यांच्या प्रयोगाला घरचं कुणीतरी जवळ असलेलं बरं.

त्यांनी घरचे दोन पाट आणले होते. एकाच सुतारानं, एकाच फणसाच्या लाकडाचे केलेले जुळे. एकाला लेप दिलेला, एक मुद्दाम कोरा ठेवलेला. "आधी कोरा पाट," साडूंनी जाहीर केलं आणि नळ जोडणाऱ्याकडून आणलेल्या गॅसच्या टॉर्चची ज्योत त्याच्यावर धरली. लोक मागे सरकले. पाट पेटेल, पेटेल म्हणून वाट पाहिली. पाट फुगला. मस्त काळा फुगला आणि फुगून बसून राहिला. साडूंचं तोंड उघडं ते उघडंच. त्यांच्या जागी मी असतो तर चक्कर आली म्हणून खाली बसलो असतो; पण ते पडले सरळ माणूस. "थांबा," ते ओरडले, "थांबा, उलट झालं! हा लेपाचा!" पण तोवर गावातल्या एका उत्साही पोरानं ज्योत दुसऱ्या पाटाकडे वळवली होती, आणि तो पाट असा काही ढणढण पेटला की गुरवानं पाण्याची कळशी त्यावर उपडी केली.

गावकर शांतपणे म्हणाले, "म्हंजे बिनरंगाचा पाट जळत नाय, आन् तुमचा रंग लावला की पेट घेतो. आसाच ना?"

जे हसू फुटलं! बायका पदरात तोंड घालून, पोरं लोळून. साडू सगळ्यांना सांगत फिरत होते की लेपाच्या पाटाला मागून खडूची खूण केली होती. अक्का गर्दीतून म्हणाली, "मी पुसले दोन्ही. शिमगा आला, पाट पुसू नको तर काय करू?" रंग दिसत असता तर ही वेळ आली असती का? ज्या गोष्टीचा इतका अभिमान, तीच त्यांच्या मुळावर आली. मी पण हसलो. मान खाली घालून, पण हसलो.

हसणं ओसरलं तेव्हा गावकरांनी जरा मायेनं विचारलं, "बोटवाले, तुमी एवढा जीव कशापायी टाकता? देवी हाय ना राखायला?"

साडू त्या भिजलेल्या पाटाशेजारी उकिडवे बसले होते. तसेच बसून बोलले. बोटीवर आग लागली होती, खालच्या मजल्यावर, भर समुद्रात. ते आणि आणखी काहीजण बोळाच्या ह्या टोकाला. मधलं दार मिटलेलं होतं. "त्या दारानं आम्हाला वर चढेपर्यंत वेळ दिला. नुसतं दार. त्याला हात लावला तर तापलेलं, पण हललं नाही." दुसऱ्या बाजूच्या बोळातही तसंच दार होतं. ते दोरीनं बांधून उघडं ठेवलेलं होतं, आत उकडायचं म्हणून. तिथे जयगडकडचा एक होता. "आपल्याच बोलीचा. त्यानंच बांधलं होतं, वारा यावा म्हणून. रोज बांधायचा. तो नाही आला वर." पाटावरची काजळी अंगठ्यानं पुसत ते म्हणाले, "त्याच्या आईला भेटायला मी जयगडला गेलो. ती मला विचारते, माझ्या पोराला वेळ नाय का मिळाला? काय सांगू तिला?"

अक्का उठून त्यांच्याजवळ जाऊन बसली. तिलाही हे ठाऊक नव्हतं; इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी सांगितलं नव्हतं. मला खेडची ती वीट आठवली.

गावकर देवळाकडे तोंड करून उभे राहिले. मग म्हणाले, "देवीला इचारू." आमच्याकडे असलं काही ठरवायचं तर देवीचा कौल घेतात. गाभाऱ्यात गुरवानं देवीच्या दोन्ही अंगांना फुलाच्या ओल्या कळ्या लावल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गावकरांनी गाऱ्हाणं घातलं, "बाय माझे आई, ह्यो जो तुझा लेकरू बोटीवरना परत इला हा, तेच्या मनात तुझो मांडव राखूचा हा..." आणि सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. कळ्या काही पडेनात. उन्हं चढली. साडूंची चुळबुळ सुरू झाली. "तो पंखा बंद करा," ते हळूच म्हणाले, "उगाच देवीवर दडपण." पंखा बंद केला. आणि काय सांगता, उजवी कळी टपकन पडली! बायकांनी हात जोडले. साडूंनी माझा हात इतका घट्ट धरला की माझी अंगठी बोटात रुतली.

ऑइलपेंटचे डबे दुकानात परत गेले. गावच्या पोरांनी मंडप घासला, तीन-तीन हात दिले, साडू घोंगडी अंथरून खाली बसून "बेडकाच्या पोटाखाली राहिलं, बेडकाच्या पोटाखाली!" असं ओरडत. मागच्या दारातलं सामान निघालं. त्या सामानात कुणाच्या तरी आजोबांचा हरवलेला मृदंगसुद्धा सापडला. शिमग्याला चाकरमानी आले, मंडप पाहिला आणि म्हणाले, "रंग देणार होतात ना? पैसे खाल्लेत वाटतं कुणी!" गावकरांनी साडूंकडे बोट दाखवलं. त्या वर्षी साडू पहिल्यांदा मंडपाच्या आत बसले. मागच्या दाराला टेकून, पाय पसरून, पायाखाली त्यांची ती खेडची वीट.

पुढची वर्षं तशीच गेली. दरवर्षी कुणीतरी विचारायचं, "काय बोटवाले, तुमच्या रंगानं काय केलं?" आणि ते खुशीत म्हणायचे, "काही नाही! काहीच झालं नाही!" जगात काही न घडण्याचा आनंद इतक्या मनापासून घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मग गुडघे गेले, डोळ्यांत पडदा आला, आणि मुलानं दोघांना पुण्याला नेलं. जाताना सामानात वाळूची बादली घेतली होती. मुलानं ती गाडीतून उतरवली, साडूंनी परत चढवली.

आणि ह्या शिमग्याला, ऐन दुपारी, मंडप भरलेला असताना, नवसाच्या उदबत्त्यांचा एक मोठा जुडगा कलंडला आणि पताकांच्या झालरीनं पेट घेतला. मी आतच होतो. झालर सरसर खांबाला भिडली. पळा, पळा झालं. पण कुणी तुडवलं गेलं नाही, कारण निम्मे लोक मागच्या दारानं बाहेर पडले. म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, पालखीसुद्धा. गुरवानं आणि पोरांनी पाणी मारलं. सगळं विझल्यावर आत जाऊन पाहिलं तर पताकांची राख, आणि खांबावर, बेडकाच्या जरा वर, तळहाताएवढा काळा फुगा. बस. एवढंच. लाकूड शाबूत.

मी अंगणातूनच पुण्याला फोन लावला. साडूंनी आधी विचारलं, "कुणाला लागलं?" नाही म्हटलं. "मागचं दार उघडं होतं?" होतं म्हटलं. मग अगदी बारीक आवाजात, "फुगला का हो?" मी म्हटलं, "पापडासारखा." पलीकडून फक्त नाक ओढल्याचा आवाज आला, आणि अक्कानं फोन घेतला. "भावोजी, काय सांगितलंत तुम्ही? हे रडतायत."

इथे ही गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण कोकण आहे हे. पंधरवड्यानं मी गावात गेलो, तर त्या काळ्या फुग्याला हळद-कुंकू लागलेलं! देवीनं स्वतःच्या हातानं आग थोपवली, तो तिचा तळवा, असं ठरलं होतं. त्याखाली फुलं, आणि फुलांसमोर तेवता दिवा. मी कौतुकानं फोटो काढून साडूंना पाठवला. फोन आला तो कान फुटेल असा. "अहो, तो लेप संपला तिथला! फुगला म्हणजे खर्ची पडला! आता त्या जागी नुसतं लाकूड आहे, आणि अख्ख्या मंडपात जिथे काही उरलेलं नाही, नेमका तिथेच तुम्ही दिवा लावलात? तुमचं डोकं ठिकाणावर आहे का?" धाप लागली त्यांना. मागून अक्का, "अहो, बसा, बसा," म्हणत होती. "खरवडा ते," ते म्हणाले, "खरवडून परत लेप द्या. मी येतो." आता हे येतात कुठले! चार पायऱ्या उतरवत नाहीत. "मी देतो," मी म्हटलं. बोलून गेलो खरा, पण देवीचा तळवा खरवडायचा कुणी आणि गावाला सांगायचं कुणी?

भीत भीत गावकरांकडे गेलो. म्हटलं, साडूंचं असं असं म्हणणं आहे. पाहिजे तर परत कौल लावू, देवीला विचारू. गावकरांनी सुपारी तोंडात टाकली.

"कौल कशाला?" ते म्हणाले. "बोटवाले सांगतात ना? मग खरवडा."

माझ्या डोळ्यांपुढे तो ढणढणा पेटलेला पाट आणि ते अंगणातलं हसू आलं. हे साडूंनी स्वतःच्या कानांनी ऐकायला हवं होतं, असं फार वाटलं.

दुसऱ्याच दिवशी मी, आयुष्यात कधी ब्रश न धरलेला विमा एजंट, स्टुलावर चढून देवीचा तळवा खरवडत होतो. हळद-कुंकवाची माती गुरवानं ओंजळीत घेऊन तुळशीत नेऊन घातली. दिवा आता दगडी ओट्यावर गेला आहे, लाकडापासून लांब. साडूंच्या पुतण्यानं मोबाइल धरला होता आणि त्यातून साडू ओरडत होते, "पातळ, पातळ! श्रीखंड वाढताय का?" एक हात, वाळेपर्यंत गप्पा, दुसरा हात, परत गप्पा. मी गावकरांचं बोलणं त्यांना शब्दशः सांगितलं. ते चष्मा काढून पुसत राहिले. पडद्यावर नुसती त्यांची टाळू दिसत होती.

शेवटचा हात वाळल्यावर त्यांनी विचारलं, "जवळ न्या. दिसतंय का काही?"

मी खांबाकडे पाहिलं. वेल, पोपट, बेडूक, फणसाच्या लाकडाचा पिवळा उजेड. "काही नाही," मी म्हटलं. "नुसतं लाकूड."

"वा!" ते म्हणाले. "मग नीट लागलंय." आणि मग, "मागचं दार दाखवा हो जरा."

मी मोबाइल घेऊन दाराकडे फिरवला. दार सताड उघडं होतं, बाहेर आंब्याखाली कोंबड्या चरत होत्या. ते बराच वेळ बघत राहिले. मग अक्कानं औषधाची वेळ झाली म्हणून फोन बंद केला. दाराजवळ भिंतीशी त्यांची वीट अजून होती. मी ती नीट सरळ केली आणि त्यांच्या जागेवर, दाराला टेकून, पाय पसरून जरा बसलो.